पांढरी पाचच्या केसभर वर

रविवार, १६ फेब्रुवारी. उद्या सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान नवा फ्रिज येणार आणि जुना जाणार. जुना रिकामा करून, पुसून, कोरडा ठेवावा असा मेसेज दुकानातून तीनदा आला आहे. मला एकदा वाचून कळतं.

साडेआठला बटण बंद केलं. बर्फ सुटायला तीन-चार तास लागतात. तेवढ्यात खण रिकामे करायचे, काचा धुवायच्या, दाराचं रबर जुन्या टूथब्रशने घासायचं, एवढं काम. वरच्या खणात दोन लिंबं, अर्धी वाटी खोबऱ्याची चटणी, आइस्क्रीमच्या डब्यात कढीलिंब. दारातल्या लोण्याच्या कप्प्यात सासूबाईंच्या कानाच्या यंत्राचे सेल, न फोडलेली दोन पाकिटं. थंड ठेवले की सेल जास्त टिकतात असं त्यांचं मत होतं. तसं काही नसतं, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. त्या गेल्या त्याला पाच महिने झाले. लोणी अजून खालच्याच खणात असतं.

हा फ्रिज त्यांनी आवाज ऐकून निवडला होता. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग तो किती लिटरचा आहे असं विचारतात. म्हणून बर्फ सुटेपर्यंत नीट लिहून काढते.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगलीच्या. सासरे विम्याच्या कचेरीत होते, बदल्या होत होत जयपूरला आले आणि इथूनच निवृत्त झाले. सामानात मिरजेचा एक तंबोरा होता. त्याच्यासाठी गाडीत बर्थ घेतला होता, आणि दुसरा मिळाला नाही म्हणून सासरे दीड दिवस बसून आले. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात, लूचे गरम वारे सुरू झाल्याच्या आठवड्यात, तंबोऱ्याचा भोपळा उभा तडकला. सांधून घेतला, पुढच्या मे महिन्यात पुन्हा तडकला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो खोळ घालून कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्यासमोर कुणी त्याच्याबद्दल बोलत नसे.

माझ्या नवऱ्याने हौसेने त्यांना विजेवर चालणारा तंबोऱ्याचा डबा आणून दिला. आईंनी तो दहा मिनिटं ऐकला आणि बंद केला. त्याचा लाल दिवा चांगला होता म्हणून पुढे तो देवघरात ठेवला.

मग लग्नाच्या तिसऱ्या वर्षी घरातला आधीचा फ्रिज बंद पडला. मालवीय नगरातल्या एका दुकानात आई, माझा नवरा आणि मी असे तिघं गेलो. माझ्या पर्समध्ये यादी होती: आकार, वीज किती खातो, भाजीचा खण केवढा. आईंनी विक्रेत्याला एवढंच विचारलं, "चालू हैं क्या?"

"माताजी, डिस्प्ले पीस हैं."

"चालू करो."

त्याने पाच फ्रिज लावले. आई पहिल्यासमोर डोळे मिटून उभ्या राहिल्या, मग हळू आवाजात 'सा' लावला. "नहीं," म्हणाल्या आणि दुसऱ्यापुढे गेल्या. चौथ्यापुढे त्यांनी सा लावला तो सोडलाच नाही. वॉशिंग मशीन बघायला आलेली माणसं इकडे वळली. विक्रेता माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मैडम, आप लोगों में फ्रिज लेने से पहले ऐसा करते हैं?"

मी "हाँ" म्हटलं. समजावून सांगण्यात वेळ गेला असता.

तोच हा. चॉकलेटी रंगाचा, भाजीचा खण इतका लहान की कोबी आणला तर तो आधी खावा लागतो.

गाणारी माणसं आपली पट्टी पेटीवरून सांगतात: पांढरी चार, काळी पाच, असं. आईंची पांढरी पाच. फ्रिज घुमायचा तो तिच्या केसभर वर, पण पुढच्या काळीच्या बराच खाली. म्हणजे जगातल्या कुठल्याही पेटीत नसलेल्या जागी. आई यावरच खूष होत्या. "तो डबा तंबोऱ्याची नक्कल करतो," त्या म्हणाल्या. "हा कुणाची नक्कल करत नाही."

रोज सहाला त्या फ्रिजशेजारी लाकडी स्टुलावर बसत आणि चाळीस मिनिटं गात. तेवढा वेळ फ्रिजचं दार उघडायचं नाही. चहाचं दूध पावणेसहाला काढून ठेवायचं, विसरलं तर कोरा चहा. माझ्या मुलीने दहावीच्या परीक्षेच्या दिवशी कोरा चहा प्यायला आहे. फ्रिज मध्येच थांबला की आलापही तिथेच थांबे. दहा-बारा मिनिटं स्वयंपाकघरात काहीच होत नसे. फ्रिज पुन्हा सुरू झाला की आलाप त्याच जागेवरून पुढे. उन्हाळ्यात फ्रिज अखंड चालतो, त्यामुळे रियाझ उत्तम होई. जयपूरचा मे महिना आवडणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. जानेवारीत फ्रिज सारखा थांबायचा, तर त्या आत गरम पाण्याचं पातेलं ठेवू लागल्या. त्याने कंप्रेसरवर काय ताण येतो हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पातेलं लहान झालं.

मी दुर्गापुऱ्याच्या संशोधन केंद्रात माती तपासते. गाणं मला येत नाही आणि त्याबद्दल मला वाईटही वाटत नाही. आईंनी मला अकोल्याला येऊन पाहिलं, तेव्हा माझ्या एम.एस्सी.चा विषय त्यांनी काढला नाही. शेजारच्या खोलीतल्या भावाला हाक मार म्हणाल्या. मी मारली. "खालच्या पट्टीत आहे," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "घरात चालेल."

माणसं, वस्तू, पक्षी, सगळ्यांचा निकाल त्या असाच लावत. इथे मोर फार. झालान्याच्या जंगलाच्या बाजूने येतात, पाण्याच्या टाकीवर बसतात आणि ओरडतात. पाहुणे फोटो काढत, आई खिडकी लावत. "एवढं देखणं असल्यावर गप्प बसायला काय होतं," असं त्या मोराबद्दल म्हणत आणि त्यांच्या धाकट्या जावेबद्दलही.

आमच्या गल्लीत दोन भाजीवाले येत. एकाची भेंडी कोवळी होती, दुसऱ्याचा गळा चांगला होता. बरीच वर्षं आम्ही जून भेंडी खाल्ली. एकदा आईंनी त्याला बाल्कनीतून थांबवलं.

"भैया, भिंडी ले लो बोलते हो, तो आखिर में उतर क्यों जाते हो?"

"कहाँ उतरा, माताजी? यहीं तो खड़ा हूँ."

"वो 'लो' को पकड़ के रखो."

दुसऱ्या दिवशी त्याने 'लो' गल्लीच्या तोंडापासून औषधाच्या दुकानापर्यंत धरून ठेवला. तेव्हापासून तो तसाच हाक मारतो. भेंडी अजून जूनच असते.

गुरुवारी दुपारी घरी अभंगांचा वर्ग असे. शिकायला येणाऱ्या सगळ्या शेजारणी, म्हणजे शेखावत, माथुर, गुप्ता. अभंग मराठी, वाचणाऱ्या हिंदी शाळेतल्या. सगळा 'ळ' त्या 'ल' करून म्हणत. माझ्या नवऱ्याने एकदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला, तर आई म्हणाल्या, "त्यांना म्हणू दे. देवाला ळ कळतो. बेसूर कळतो की नाही ते मला माहीत नाही, म्हणून तिथे मी लक्ष देते."

त्यांनी माझ्यावर काम सोपवलं त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. सांगलीहून त्यांच्या गुरुजींच्या पुण्यतिथीचं पत्र आलं होतं. मी कणीक मळत होते, त्या लसूण सोलत होत्या.

"गुरुजी शेवटची तीन वर्षं उतरून गात होते," त्या म्हणाल्या. "पाव सूर उतरलेले. सगळे समोर बसून माना हलवायचे. बाहेर पायऱ्यांवर येऊन नक्कल करायचे."

"कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार. मीही मान हलवत होते." त्यांनी दोन पाकळ्या सोलल्या. "माझं तसं झालं की तू सांगायचंस. त्याच दिवशी. मी त्याच दिवशी थांबेन."

"मला सूर कळत नाही, आई. यांना सांगा." हे म्हणजे माझा नवरा, जो बरा तबला वाजवतो.

"तो सांगणार नाही, मुलगा आहे. शेजारणी सांगणार नाहीत, गुरुवारचा वर्ग आहे. तुला तोंडावर बोलताना काही वाटत नाही. आणि कळायचं काय त्यात? फ्रिज आहे, मी आहे. दोघांचं जुळतंय तोवर ठीक. जुळेना झालं की सांग."

मी "बरं" म्हटलं. तेव्हापासून रोज चहा गाळताना अर्धा कान तिकडे असे. काम अंगावर घेतलं की ते करायचं.

आता पेटीवाले काका. हे बँकेतून निवृत्त झालेले, दुर्गापुऱ्यात राहतात, मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात पेटी वाजवतात. आई पहिल्यांदा मंडळात गायला बसल्या तेव्हा काकांनी पांढरी पाच धरली. आई थांबल्या.

"जरा वर."

काकांनी काळी चार धरली.

"जरा खाली."

"आजी, मध्ये काही नाही," काका म्हणाले. "लाकूड आहे."

"मग तुमच्या पेटीत माझा सूर नाही. तुम्ही टाळी द्या."

काकांनी तासभर टाळी दिली. दुसरा एखादा असता तर पुन्हा आला नसता. काका पुढच्या रविवारी पेटी आणि एक बारीक कानस घेऊन आमच्या घरी आले. पेटीच्या आत पितळेच्या पात्या असतात, त्या टोकाशी किंचित घासल्या की सूर चढतो. काकांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि फ्रिजला कान लावून दिवसभर पात्या घासल्या. संध्याकाळपर्यंत दीड सप्तक झालं. मी त्यांच्यावरून ओलांडून दोन वेळचा स्वयंपाक केला. त्या दिवसापासून ती पेटी जयपुरात आईंशिवाय कुणाच्याही उपयोगाची राहिली नाही. इतरांसाठी काकांना दुसरी घ्यावी लागली.

आईंचे कान अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेले. एकदम गेले नाहीत, पण टीव्हीवरच्या बातम्या खालच्या मजल्यावर ऐकू जायला लागल्या. तपासणीला मी घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबा असं तिथल्या मुलीने सांगितलं. आई बटण दाबेनात. आतून मोठ्याने म्हणत, "कोमल ग. उतरलेला आहे." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सुनाई दिया, ऐसा लिख लीजिए." असे चारच आवाज झाले. पुढचे आलेले त्यांना कळलेच नाहीत. त्या बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसल्या होत्या.

कानाला यंत्र आलं. बोलणं त्यातून कळे, पण गाणं पत्र्याचं ऐकू येतं म्हणून रियाझाला त्या ते काढून ठेवत. डाव्या हाताचा तळवा फ्रिजच्या दारावर ठेवत. घुमतंय हे हाताला कळलं की गायला लागत. स्वतःला त्या किती ऐकू शकत होत्या ते मी विचारलं नाही. मी चहा गाळत होते आणि ऐकत होते. जुळत होतं.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या सुरुवातीला आई माझ्या नवऱ्याबरोबर सांगलीला भाचीच्या मुलीच्या लग्नाला गेल्या, दहा दिवसांसाठी. मला ऑफिसात ऑडिट होतं. तिसऱ्या दिवशी फ्रिज बंद पडला. मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं आणि कंप्रेसर गेला म्हणाला. "मैडम, इसमें कोई गरम चीज़ रखता है क्या?"

"नहीं," मी म्हटलं.

त्याने दुसरा बसवून दिला, त्या मॉडेलचा मिळाला नाही म्हणून दुसऱ्या कुठल्याशा कंपनीचा. दूध वाचलं. आई परत आल्यावर मी हे सांगितलं नाही. लपवलं नाही, सांगण्यासारखं वाटलं नाही. सोसायटीची पाण्याची मोटर दुरुस्त झाली, तेही मी सांगितलं नव्हतं.

त्या आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सहाला रियाझाला बसल्या. तळवा दारावर, डोळे मिटलेले. मी चहा गाळत होते आणि माझा हात थांबला. दोन आवाज एकमेकांवर घासत होते.

एका नमुन्यावरून मी मातीचाही निकाल देत नाही. दुसऱ्या दिवशी पंखा बंद करून ऐकलं. तिसऱ्या दिवशी नळ घट्ट बंद करून, खिडकी लावून ऐकलं. चौथ्या दिवशी त्या रियाझावरून उठायच्या आत मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी कानात यंत्र घातलं.

"आई, जुळत नाहीये."

"वर की खाली?"

"तुम्ही खाली आहात."

"कधीपासून?"

"सांगलीहून आल्यापासून."

त्या फ्रिजच्या दारावरचा हात काढून काही वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग "बरं" म्हणाल्या. स्टूल उचलून बाल्कनीत नेलं आणि त्यावर तुळशीची कुंडी ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून दूध कधीही काढता येत होतं. सगळे जण पावणेसहालाच काढत राहिले.

"तू तिला सांगितलंस?" नवऱ्याने विचारलं.

"त्यांनीच सांगून ठेवलं होतं."

"म्हणून सांगायचं?"

पुढचे दोन दिवस त्याने माझ्याकडे फक्त मीठ मागितलं. त्याला सूर कळतो, त्यालाही तेव्हा ऐकू आलं असणार. तो बोलला नसता. म्हणूनच काम माझ्याकडे होतं.

गुरुवारी शेजारणी आल्या, त्यांना आईंनी गळा बसलाय असं सांगून परत पाठवलं. पुढच्या गुरुवारीही. कानातलं यंत्र दिवसभर डबीत राहू लागलं. टीव्ही लावत, आवाज बंद ठेवून. भाजीवाला खालून 'लो' धरून गेला तरी वर बघत नसत. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात तूप जास्त वाढलं. मी बरोबर केलं होतं. ते मला रोज स्वतःला सांगावं लागत होतं, आणि बरोबर केलेल्या गोष्टी मला एरवी पुन्हा सांगाव्या लागत नाहीत.

आषाढी एकादशीला मंडळात आईंचे अभंग ठरलेले होते. आईंनी माझ्या नवऱ्याकडून काकांना निरोप धाडला, दुसरं कुणी बघा. अकराव्या दिवशी काका चौकशीला आले. आई झोपल्या होत्या, म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरातच स्टुलाच्या रिकाम्या जागी खुर्ची दिली आणि चहा टाकला. काका इकडचं तिकडचं बोलत होते. मध्येच फ्रिजकडे वळले.

"सूनबाई, फ्रिज नवा घेतलात का?"

"नाही. तोच आहे."

"नाही हो. हा तो नाही." त्यांनी दाराला कान लावला. "याच्यासमोर मी एक अख्खा रविवार जमिनीवर बसलोय. हा चढलाय."

माझ्या हातात सांडशी होती. ती मी खाली ठेवली.

"कंप्रेसर बदलला," मी म्हटलं. "दहा दिवस त्या नव्हत्या तेव्हा."

चहा उतू गेला, तो मी पुसला.

"उद्या सकाळी सहाला पेटी घेऊन याल का?" मी विचारलं. "घासलेली."

ते साडेपाचलाच आले. आई चूळ भरून बाहेर आल्या, पेटी बघून परत वळल्या. मी त्यांच्यासमोर यंत्राची डबी धरली. त्यांनी नाइलाजाने कानात घातलं.

"मी चुकले," मी म्हटलं. हे मी या घरात आधी कधी म्हटलं नव्हतं, वेळ आली नव्हती. "फ्रिजचा कंप्रेसर बदलला होता. मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही जिथे होतात तिथेच होतात. फ्रिज वर गेलाय."

आईंनी हे सगळं नीट समजून घेतलं.

"म्हणजे फ्रिज बेसूर आहे."

"हो."

"आणि मी?"

"ते आता बघायचं. यंत्र काढा आणि सा लावा. फ्रिज बंद केलाय."

त्यांनी यंत्र काढून माझ्या हातात दिलं. हात ठेवायला काही नव्हतं, तो त्यांनी मांडीवर ठेवला. बारा दिवस न गायलेला गळा, कानाला जवळजवळ काही नाही, खाली धरायला काही नाही. त्यांनी सा लावला. मग काकांनी पट्टी दाबली.

मला वाटलं, पेटी वाजलीच नाही. काकांनी भाता थांबवला तेव्हा कळलं की दोन आवाज होते.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मान हलवत होते. आईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानात यंत्र घातलं.

"काय?"

"परत लावा," मी म्हटलं. यंत्र काढून तीनदा सा लावायला लावला. मग सांगितलं, "जुळतंय."

"नक्की?"

"तीनदा बघितलं."

"बारा दिवस," आई म्हणाल्या. "त्या मेल्या फ्रिजसाठी."

"हो."

"आणि तू ते पातेल्याचं त्या मेकॅनिकला सांगितलंस?"

"नाही."

"तुला कळलं कसं पण, फ्रिज चढलाय ते? काकांनी सांगायच्या आधी तुला जुळत नाही हे कळलं होतं. दोन आठवडे आधी."

"रोज ऐकत होते ना."

"म्हणजे तुला सूर कळतो," त्या म्हणाल्या. त्या सगळ्या प्रकरणात त्यांना खरा धक्का बसला तो हा. तेवीस वर्षांपूर्वी आपण एक माणूस चुकीचं पारखलं, हे त्यांना दिवसभर पचत नव्हतं.

आषाढीला त्या दीड तास गायल्या. काकांनी पेटीवर साथ केली.

त्याआधीच, म्हणजे काका पेटी घेऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, स्टूल परत आत आलं. पण फ्रिजशेजारी नाही, गॅसच्या ओट्याशेजारी.

"फ्रिजवर माझा विश्वास नाही," आई म्हणाल्या. "काका रोज पहाटे दुर्गापुऱ्याहून येणार नाहीत. तू सा धर."

"मला गाता येत नाही."

"गायचं कुठे आहे? फ्रिजला येतं का गायला?"

मी चहा गाळत तोंड मिटून हूं धरला. त्यांनी डावा तळवा माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला, जसा दारावर ठेवत तसाच. "वर," म्हणाल्या. "अजून. थांब. इथे." आणि गायला लागल्या.

सव्वा वर्ष रोज सकाळी हे चाललं. श्वास घ्यायला थांबले की त्याही थांबत, मी पुन्हा धरला की तिथूनच पुढे. चहा झाला, पोहे झाले, डबे झाले, भाजी निवडून झाली. तोंड मिटलेलं असलं तरी हात मोकळे असतात. चाळीस मिनिटांत बरंच काम उरकतं. नवऱ्याने पहिल्या दिवशी दारात उभं राहून पाहिलं आणि दूध पावणेसहालाच काढायचं चालू ठेवलं. फ्रिजचं दार उघडल्याने आता काही बिघडणार नव्हतं, पण मी त्याला सांगितलं नाही.

गेल्या सप्टेंबरात एका दुपारी जेवण करून पडल्या त्या उठल्या नाहीत. सकाळचा रियाझ झाला होता. मला सर्दी होती. उठताना माझ्या पाठीवर दोनदा थोपटून म्हणाल्या, "आज तू उतरत होतीस." ते खरं होतं.

फ्रिज बदलायचा असं मी म्हटलं तेव्हा नवऱ्याने हा बाल्कनीत ठेवू या का, असं विचारलं. मी सांगितलं, यात आईंचं काही नाही. आत दुसऱ्याच कंपनीचा कंप्रेसर आहे, आणि तो बेसूर आहे. त्याला ते पटलं.

बर्फ सुटला. पाणी दोन बादल्या निघालं, ते तुळशीला आणि बाकीच्या कुंड्यांना घातलं. सेलची पाकिटं कानाच्या दवाखान्यात देऊन टाकायची आहेत, कुणाच्या तरी कामी येतील. पर्समध्ये घातली.

सोमवारचं एवढं लिहून वही मिटते. पावणेअकराला दोघं जण आले. जुना उतरवायला वीस मिनिटं लागली, लिफ्टमध्ये बसेना म्हणून जिन्याने नेला. नवा त्याच जागी लावला. भाजीचा खण मोठा आहे, कोबी आणि फ्लॉवर दोन्ही राहतील. त्यांच्यातला मोठा होता त्याने बटण लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मैडम, इसकी सबसे बड़ी ख़ासियत यही है. आवाज़ बिल्कुल नहीं. पता ही नहीं चलेगा कि चल रहा है."

खरंच काही ऐकू येत नव्हतं. मी त्या दोघांसाठी चहा टाकला होता, तो गाळायला घेतला.

तो माणूस सहीचा कागद पुढे करता करता थांबला. "एक मिनट, मैडम." त्याने फ्रिजला कान लावला, मग गुडघ्यावर बसून मागे पाहिलं, एक पाय स्क्रूने वर-खाली केला. "कुछ तो आ रही है आवाज़."

मी त्याला कप दिला.

"बंद हो गई," तो म्हणाला.

मी दुसरा कप भरायला घेतला. त्याने पुन्हा कान लावला. "फिर आ रही है. ऐसा होना तो नहीं चाहिए. बदलवा दूँ?"

"फ्रिज नहीं है, भैया," मी म्हटलं. "मैं हूँ. साइन कहाँ करना है?"